हंट गेला आणि रोबोट आले? जुने रंगेल ड्रायव्हर आणि आजची पोरं

प्रश्न असा आहे की जेम्स हंट, ग्रॅहम हिल, केके रोझबर्ग असल्या अवलिया माणसांसमोर आजचे फॉर्म्युला वनचे ड्रायव्हर एवढे गुळमुळीत का वाटतात. सगळे एकाच साच्यातून काढलेले, टीमचे आभार, फॅक्टरीतल्या सगळ्यांचे आभार, पुढच्या रेसला बघू. मी बरीच वर्षं चेन्नई आणि कोइंबतूरच्या ट्रॅकवर सिंगल सीटर गाड्यांचा डेटा बघतोय आणि नव्या पोरांना कोचिंग करतोय, त्यामुळे हा प्रश्न दर सीझनला कुणीतरी विचारतंच, बहुतेक वेळा एखाद्या ड्रायव्हरचे वडील, आणि तेही पोरगा शेजारी उभा असताना. माझं उत्तर जरा तिरकं आहे. माणसं फारशी बदललेली नाहीत, ती आपल्याला जिथं दिसायची ती जागा बदललीय. आणि आत शिरायचं दार बदललंय, ते जास्त महत्त्वाचं आहे पण त्यावर शेवटी येतो.

आधी निकी लाऊडा घेऊ. आज लाऊडा म्हटलं की काय आठवतं? लाल टोपी, जळालेला कान, समोर कोणीही असो तोंडावर खरं बोलणारा माणूस, स्वतःची विमान कंपनी काढणारा, जिंकलेल्या ट्रॉफ्या गावातल्या गॅरेजवाल्याला देऊन त्याबदल्यात गाडी फुकट धुवून घेणारा. म्हणजे इतिहासातल्या सगळ्यात भन्नाट पात्रांपैकी एक. आणि १९७५-७६ मध्ये त्याला लोक काय म्हणायचे माहितीय? कॉम्प्युटर! तो फेरारीच्या टेस्ट ट्रॅकवर तासन् तास गाडी फिरवायचा, मेकॅनिकबरोबर बसून सेटिंग करायचा, धोका मोजून घ्यायचा, म्हणून त्याच्यावर हाच आरोप होता जो आज तुम्ही या पोरांवर करताय. रुक्ष, हिशेबी, मशीन. १ ऑगस्ट १९७६ ला नूर्बर्गरिंगला गाडीसकट जळाला, हॉस्पिटलात पाद्री येऊन शेवटचे विधी करून गेला, आणि १२ सप्टेंबरला मोंझाला बँडेज बांधून रेसला उभा राहिला आणि चौथा आला. मग वर्षाच्या शेवटच्या रेसला फुजीला पावसात दोनच लॅप मारून गाडी पिटमध्ये आणून उतरला, म्हणाला मी नाही चालवणार. टायटल एका पॉइंटने गेलं, हंट ६९ आणि लाऊडा ६८. १९७९ मध्ये मॉन्ट्रियलला प्रॅक्टिसच्या मधेच उठून गेला, कंटाळा आला गोल गोल फिरून म्हणून. १९८२ ला परत आला, १९८४ ला अर्ध्या पॉइंटने चॅम्पियन झाला. हा त्या काळचा 'रोबोट' बरं का.

जॅकी स्टुअर्टची तीच कथा. १९६६ ला स्पाला पावसात गाडी रस्त्याबाहेर गेली, तो पेट्रोलने भिजलेल्या कॉकपिटमध्ये वीस-पंचवीस मिनिटं अडकून पडला, स्टिअरिंग काढायला पाना नव्हता, दुसऱ्या ड्रायव्हरांनी कुठूनतरी पाना मिळवून त्याला बाहेर काढला. त्यानंतर तो स्टिअरिंगच्या दांड्याला पाना चिकटवूनच रेसला उतरायचा, आणि बॅरियर, डॉक्टर, सीट बेल्ट याच्यासाठी भांडत सुटला. तर लोक म्हणाले याने रेसिंगची मजा घालवली. तीन टायटल आणि २७ विजय मिळवलेल्या माणसाला भित्रा ठरवायला निघाले होते. पुढे प्रॉस्टला 'प्रोफेसर' म्हणून हिणवलं, शूमाकरला जर्मन यंत्र म्हटलं. तालमीच्या कट्ट्यावरचे वस्ताद कसे दर पिढीला सांगतात की खरे पैलवान आमच्या वेळी होते, तसंच आहे हे, आणि दहा वर्षांनी ते ज्याला नावं ठेवत होते त्याचेच किस्से सांगायला लागतात.

उलटं पण बघा. जुने सगळे रंगेल होते हे कोणी सांगितलं? जिम क्लार्क, दोन टायटल, २५ विजय, कदाचित सगळ्यात गुणी ड्रायव्हर, स्कॉटलंडमधला मेंढ्या पाळणारा शेतकरी. गाडीत बसला की देव आणि गाडीबाहेर नखं खात बसायचा, साधा निर्णय घ्यायला त्याला जड जायचं. फँजिओ पाच वेळा चॅम्पियन, आवाज कधी चढला नाही. १९५८ मध्ये हवानाला कॅस्ट्रोच्या माणसांनी हॉटेलातून त्याला पिस्तूल दाखवून पळवलं, रेस संपल्यावर सोडलं, तरी साहेबांची काही तक्रार नाही. म्हणजे त्याच्या आयुष्यातला सगळ्यात रंगतदार किस्सा पण दुसऱ्यांनी घडवलेला. आज क्लार्क गाडी चालवत असता तर पत्रकार परिषदेतली त्याची उत्तरं ऐकून तुम्हीच म्हणाला असता काय बोअर माणूस आहे.

आता हंट. त्याच्याबद्दल जे पसरवलं गेलंय त्यातलं पुष्कळ खरं आहे. ओव्हरऑलवर चावट बिल्ला लावायचा, सुटाबुटाच्या कार्यक्रमांना टी-शर्ट घालून अनवाणी जायचा, दारू, सिगरेट, पोरी, सगळं. फुजीच्या आधी टोकियोत त्याने काय काय केलं त्याचे आकडे ऐकले की मी ते सरळ अर्ध्यावर आणतो आणि मग परत अर्ध्यावर, कारण असले आकडे सांगणाऱ्याबरोबर वाढत जातात. पण ज्या गोष्टीवर कोणी फार बोलत नाही ती अशी की हा माणूस रेसच्या आधी भीतीने ओकायचा. दर रेसला नाही पण बरेचदा. गाडीत बसल्यावर त्याचे हातपाय इतके थरथरायचे की गाडी हलायची. बाहेरचा सगळा रंग आणि आतली ही अवस्था, दोन्ही एकाच माणसात. आणि तोच माणूस घरी बजरीगर पाळायचा, नुसते हौस म्हणून नाही तर त्या छोट्या पोपटांची पैदास करायचा, स्पर्धांना न्यायचा. हे त्या काळात किती लोकांना माहीत होतं? आज लँडो नॉरिसने मला रेसआधी टेन्शन येतं, खायला जात नाही असं उघड सांगितलं तर लोक म्हणाले हा कसला चॅम्पियन होणार, मऊ आहे. झाला की २०२५ ला, वर्स्टापेनच्या दोन पॉइंट पुढे. हंटला तेच होत होतं, फक्त तो बादलीत ओकायचा आणि मग बाहेर येऊन हसायचा.

त्या रंगाची किंमत काय होती ते पण बोलू. १९७० या एकाच वर्षात पिअर्स करेज गेला, ब्रूस मॅक्लारेन टेस्टिंग करताना गेला, योकेन रिंट मोंझाला गेला आणि मेल्यावर चॅम्पियन झाला, असा तो एकटाच. स्टुअर्टने १९७३ च्या शेवटी थांबायचं आधीच ठरवलं होतं, पण वॉटकिन्स ग्लेनला त्याचा टीममेट फ्रँस्वा सेव्हेर प्रॅक्टिसमध्ये गेला आणि तो स्वतःची शंभरावी रेस न धावताच थांबला. तुमच्या जेवणाच्या टेबलावरची एक खुर्ची दर काही महिन्यांनी रिकामी होत असेल तर तुम्ही पण रात्री जोरात दारू प्याल आणि उद्याचा विचार करणार नाही. त्या पार्ट्यांमागे हे होतं. आणि जे वाचले त्यांनीच नंतर किस्से सांगितले, गेलेल्यांचे किस्से सांगायला कोण राहिलं? आता २९ नोव्हेंबर २०२० ची बहारीनची रेस आठवा, ग्रोजाँची गाडी बॅरियर फोडून दोन तुकडे झाली, ६७ जीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ६७ पट, धक्का, २८ सेकंद आगीत, आणि माणूस स्वतः चालत ॲम्ब्युलन्सपर्यंत गेला. डोक्यावरचा हेलो, म्हणजे कॉकपिटवरची धातूची कमान, नसती तर संपलाच होता. त्याच हेलोला २०१८ मध्ये लोक कुरूप म्हणत होते, हवाई चप्पलसारखा दिसतो म्हणून हसत होते, मी पण त्यातला थोडा होतो. मला विचाराल तर अशी कंटाळवाणी माणसं मला शंभर चालतील जी साठीपर्यंत जगतात.

मग आज माणूस दिसत का नाही? एक कारण मायक्रोफोन. तेव्हा ड्रायव्हर गाडीत काय बोलला ते त्याला आणि देवाला माहीत. आज गाडीतला एकेक शब्द टीव्हीवर जाऊ शकतो, क्लिप होते, दोन मिनिटांत जगभर. जुने पत्रकार ड्रायव्हरांबरोबरच प्यायचे, एकाच हॉटेलात राहायचे, काय छापायचं आणि काय गिळायचं ते त्यांना कळायचं. म्हणजे तेव्हाचा रंग आपल्यापर्यंत आला तो मित्रांनी निवडून, गाळून, वर्षांनी सांगितलेला, आणि आजचा माणूस आपल्याला दिसतो तो घामाघूम होऊन हेल्मेट काढल्यावर तीस सेकंदांत, तेही पीआरवाली बाई रेकॉर्डर धरून मागे उभी असताना. ही तुलनाच बरोबरीची नाही.

दुसरं कारण पैसा, आणि इथं एक गंमत आहे. हंट आधी हेस्केथच्या टीमकडून धावायचा, एका तरुण लॉर्डची टीम, पांढरी गाडी, अंगावर एकही स्पॉन्सर नाही, टीमचं चिन्ह टेडी बेअर, शँपेनच्या बाटल्या आणि हेलिकॉप्टर. सगळे हसायचे, आणि १९७५ ला झांडवूर्टला त्यांनी लाऊडाच्या फेरारीला हरवून रेस जिंकली. पैसे संपले आणि हंट मॅक्लारेनला गेला, तिथं सिगरेटचा पैसा. आता सिगरेट विकणाऱ्याला काय हवं असतं? बिनधास्त, बेफिकीर, पोरी मागे लागलेला हिरो. हंटचा उधळेपणा त्यांच्यासाठी जाहिरातच होती. २००५-०६ च्या आसपास तंबाखूचा पैसा बराचसा गेला आणि आता गाडीवर कोण आहे बघा, सॉफ्टवेअर कंपन्या, बँका, क्लाउड, क्रिप्टो. या लोकांना त्यांच्या नावाखाली दारू पिऊन पडलेला माणूस नकोय. ड्रायव्हरने पँट कुठली घालायची ते त्याच्या स्वभावावर नाही, पगार कोण देतं त्यावर ठरतं, हे तेव्हाही होतं आणि आत्ताही आहे.

आणि तरीसुद्धा स्वभाव बाहेर येतोच. १९८२ ला हॉकेनहाइमला नेल्सन पिके आघाडीवर होता, एक लॅप मागे असलेल्या चिलीच्या सालाझारने त्याला ठोकलं, पिके गाडीतून उडी मारून उतरला आणि हेल्मेट घातलेल्या सालाझारला बुक्क्या आणि लाथा, सगळ्या जगाने टीव्हीवर बघितलं. (नंतर बीएमडब्ल्यूवाल्यांनी इंजिन उघडलं तर ते तसंही फुटायच्या बेतात होतं म्हणे, म्हणजे सालाझारने त्यांची लाजच राखली.) आता २०१८ चं ब्राझील. वर्स्टापेन आघाडीवर, एक लॅप मागे असलेल्या ओकॉनने त्याला ठोकलं, रेस गेली, आणि वजन करायच्या ठिकाणी वर्स्टापेनने ओकॉनला छातीवर ढकललं. प्रसंग तोच, राग तोच. फरक एवढाच की वर्स्टापेनला दोन दिवसांची समाजसेवा लागली. २०२४ ला सिंगापूरला पत्रकार परिषदेत शिवी दिली म्हणून त्याला परत समाजसेवा सांगितली, तर पुढच्या अधिकृत पत्रकार परिषदेत भाऊने एका शब्दात उत्तरं द्यायला सुरुवात केली आणि बाहेर पडून पत्रकारांना म्हणाला या, इथं बोलू. याला कोणी रोबोट म्हणत असेल तर मला तो रोबोट आवडतो.

किमी रायकोनेन तर माझा सगळ्यात लाडका पुरावा. २००६ ला मोनॅकोत गाडी बंद पडली तर पिटला न येता सरळ आपल्या यॉटवर जाऊन बसला. २००९ ला मलेशियात पावसामुळे रेस थांबली, बाकी सगळे गाडीत ताटकळत, हा हाफ पँटवर आइस्क्रीम खात उभा. २०१२ ला अबू धाबीला इंजिनियर मागच्याचं अंतर सांगायला लागला तर रेडिओवर 'लीव्ह मी अलोन, आय नो व्हॉट आय ॲम डूइंग', आणि जिंकला. जो रेडिओ माणसाचा रंग मारतो म्हणून आपण ओरडतो त्याच रेडिओने किमीचा रंग आपल्यापर्यंत आणला, नाहीतर कमी बोलणारा फिनिश माणूस एवढंच त्याच्याबद्दल कळलं असतं.

आता माझ्या धंद्यातलं. मला पोरगा कसा आहे ते त्याच्या गप्पांतून कळत नाही, त्याच्या ब्रेकच्या रेषेवरून कळतं. डेटा लॉगरवर ब्रेकचा दाब, थ्रॉटल (म्हणजे एक्सलरेटर), स्टिअरिंगचा कोन, स्पीड या सगळ्या रेषा एकाखाली एक येतात. ज्या गाडीला डाउनफोर्स आहे, म्हणजे जिला वेगात हवा रस्त्यावर दाबून धरते, तिच्यात वेग जास्त असताना पकड पण जास्त, म्हणून पहिला ब्रेक कचकचीत मारायचा आणि मग वेग उतरेल तसा पाय हळूहळू उचलत कोपऱ्यात शिरायचं. मारणं सगळ्यांना जमतं हो, सोडणं जमत नाही. ती सोडतानाची जी उताराची रेषा असते ना, ती प्रत्येकाची वेगळी, सहीसारखी. एखादा घाबरट पोरगा पाय पटकन उचलतो, मग परत थोडा दाबतो, रेषेला दात येतात. एखादा पिटमध्ये तोंडातून शब्द न काढणारा, मान खाली घालून बसणारा, आणि कोणी त्याला ओव्हरटेक केलं की पुढच्या लॅपला त्याच कोपऱ्यावर ब्रेकिंग पॉइंट एकदम उशिरा, दुसऱ्या लॅपला अजून उशिरा. त्याच्या आईला पण माहीत नसेल आपला मुलगा एवढा हट्टी आहे. उलट पॅडकमध्ये गॉगल लावून फिरणारे, इन्स्टावर डायलॉग मारणारे कितीतरी, यांचा थ्रॉटल बघा, फास्ट कोपऱ्यात दर लॅपला पाव सेकंद पाय उचललेला. रंग म्हणजे नक्की काय मग?

वरच्या लेव्हलला हे अजून ठळक दिसतं. २००५-०६ च्या रेनो टीमच्या गाडीत अलोन्सो स्टिअरिंग एकदम झटक्यात वळवायचा, पुढची चाकं जवळजवळ घासत न्यायचा, आणि त्या गाडीत ते चालायचं, बघायला अघोरी वाटायचं. जेन्सन बटन म्हणजे रेशीम, स्टिअरिंग हलतंय की नाही कळायचं नाही. वर्स्टापेनला गाडीचं नाक एकदम टोकदार लागतं, वळवलं की पुढचं टोक तत्काळ वळलं पाहिजे, मागचं टोक सैल असलं तरी बेहत्तर, ते मी सांभाळतो. तशीच गाडी मिळालेल्या त्याच्या टीममेटांचं काय झालं? गॅस्ली, अल्बन, पेरेझ, एकामागून एक, आणि लॉसनला तर २०२५ ला दोन रेसमध्येच काढला. सगळे चांगले ड्रायव्हर आहेत, पण दुसऱ्याच्या स्वभावावर बेतलेली गाडी त्यांना झेपली नाही. आता सांगा, एका माणसाचा स्वभाव कार्बन फायबरमध्ये उतरतो आणि दुसऱ्यांची करिअर त्यात अडकतात, ह्याच्यापेक्षा जास्त व्यक्तिमत्त्व काय असतं. फक्त ते दारूच्या गुत्त्यावर नाही दिसत, ऑनबोर्ड कॅमेऱ्यात दिसतं आणि बघायची सवय करावी लागते.

कष्टाचं म्हणाल तर दोन्हीकडे वेगळे कष्ट आहेत, यात कोण मोठा हे मला ठरवता येत नाही आणि ठरवायचं पण नाही. हंटच्या मॅक्लारेनला हाताने टाकायचे गिअर, एक हात स्टिअरिंगवर, टाच ब्रेक-थ्रॉटलच्या मधे. एक गिअर चुकला की इंजिन गेलं. १९८५ ला केके रोझबर्ग सिल्व्हरस्टोनला क्वालिफायिंगला, म्हणजे रेसमधली सुरुवातीची जागा ठरवायच्या फेरीत, २५९ किलोमीटर ताशी सरासरीने लॅप मारून आला, टर्बोची गाडी, एक टायर हळूहळू हवा सोडत होता, आणि हा लॅपच्या आधी सिगरेट विझवून गाडीत बसलेला माणूस. आजच्या पोराला सिगरेट सोडा, २०१९ च्या आधी पोटभर जेवता पण येत नव्हतं. का, तर गाडी आणि ड्रायव्हर मिळून किमान वजन मोजायचे, ड्रायव्हर जेवढा हलका तेवढं वजन टीमला हवं तिथं ठेवता येतं. उंच ड्रायव्हरांचे हाल व्हायचे, पाण्याची बाटली न घेता रेस करायचे काही जण. मग २०१९ ला नियम आला की ड्रायव्हर आणि सीट मिळून किमान ८० किलो धरायचे, कमी पडलं तर सीटपाशी वजन टाकायचं, तेव्हा कुठं यांनी नीट जेवायला सुरुवात केली. सहा फुटांच्या वर असलेला हंट या मधल्या काळात आला असता तर उपाशी मेला असता.

शिस्त ही नवी गोष्ट आहे हा पण गैरसमज. १९५५ च्या मिले मिलियाला, म्हणजे इटलीतल्या साध्या रस्त्यांवरच्या लांब रेसला, स्टर्लिंग मॉसच्या शेजारी डेनिस जेन्किन्सन नावाचा दाढीवाला पत्रकार बसला होता, मांडीवर एक डबी, डबीत कागदाची लांबलचक गुंडाळी, त्यावर जवळजवळ १६०० किलोमीटरच्या रस्त्यातलं एकेक वळण लिहिलेलं. आधी तो रस्ता परत परत चालवून नोंदी केलेल्या. गाडीच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही म्हणून हाताच्या खुणा ठरवलेल्या. १० तास ७ मिनिटं ४८ सेकंद, सरासरी १५७ किलोमीटर ताशी, गावागावांतून जाणाऱ्या रस्त्यांवर. आज जे इंजिनियर सिम्युलेटरवर करतात तेच हे दोघं कागद आणि पेन्सिलवर करत होते. लोकांना आठवतो तो धाडसी मॉस, मला आवडते ती गुंडाळी.

मग काहीच हरवलं नाही का? हरवलंय. एक म्हणजे फिरून फिरून सगळं चालवणं. ग्रॅहम हिलला चोविसाव्या वर्षापर्यंत साधी गाडी पण चालवता येत नव्हती, आणि या बाबाने मोनॅको पाच वेळा, १९६६ ची इंडियानापोलिस ५०० आणि १९७२ ची ल माँची चोवीस तासांची रेस जिंकली. तिन्ही जिंकणारा अजूनही तो एकटाच. वर्षाला चोवीस रेस आणि कराराच्या अटी, यातून आजच्या ड्रायव्हरला वेळ कुठला. तरी अलोन्सोने २०१८ आणि २०१९ ला ल माँ जिंकली. आणि वर्स्टापेन २०२५ मध्ये 'फ्रान्झ हर्मन' असं खोटं नाव लावून नूर्बर्गरिंगच्या जुन्या लांब ट्रॅकवर जीटी गाडी चालवायला गेला, मग सप्टेंबरात खऱ्या नावाने तिथली रेस जिंकून आला, दोन ग्रां प्रीच्या मधल्या सुट्टीत.

दुसरं हरवलेलं जास्त दुखतं. १९५८ ला पोर्तुगालच्या रेसमध्ये माइक हॉथॉर्न घसरला, गाडी ढकलून सुरू केली, आणि त्याला उलट्या दिशेने गाडी चालवली म्हणून बाद करायला निघाले. मॉस, म्हणजे टायटलसाठी त्याचाच प्रतिस्पर्धी, स्वतः जाऊन साक्ष देऊन आला की तो रस्त्यावर नव्हता, फुटपाथवर होता, त्याला बाद करू नका. हॉथॉर्नचे पॉइंट राहिले, आणि वर्षाच्या शेवटी हॉथॉर्न ४२, मॉस ४१. मॉसला आयुष्यात कधीच टायटल मिळालं नाही. हॉथॉर्न टायटल घेऊन रिटायर झाला आणि पुढच्याच जानेवारीत साध्या रस्त्यावर गाडी ठोकून गेला, वय २९. आज मॉससारखं कोणी वागेल का? वागावंसं वाटलं तरी टीमचा वकील खोलीत आधी पोचलेला असेल.

आणि सगळा जुना रंग परत यावा असं पण काही नाही. त्यात बायकांशी जे वागणं होतं ते आज आपल्या घरात कोणी केलं तर आपण त्याला रंगेल म्हणणार नाही. आणि रंगेल असायला मुळात परवडावं लागतं. आपल्याकडं पण तेच, चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर महाराजे आणि उद्योगपती रेस करायचे, विजय मल्ल्या तर ऐंशीच्या दशकात तिथं खरी फॉर्म्युला वनची एन्साइन गाडी घेऊन उतरला होता, समोर बाकीचे काय घेऊन होते विचारू नका. पण त्याच जगात कोइंबतूरचा करिवर्धन पण होता, कापड गिरणीच्या घराण्यातला, स्वतः गाड्या डिझाइन करायचा, फॉर्म्युला मारुती त्याचीच, साध्या घरातल्या पोरांना परवडेल अशी गाडी हवी म्हणून. १९९५ ला विमान अपघातात गेला. कोइंबतूरच्या ट्रॅकला त्याचं नाव आहे. माझ्यासाठी खरा रंगीत माणूस तो, मल्ल्या नाही.

आता ते दाराचं. २०१६ पासून फॉर्म्युला वनच्या सुपरलायसन्सला, म्हणजे चालवायच्या परवान्याला, वय किमान १८ (२०२४ पासून क्वचित अपवाद म्हणून १७) आणि मागच्या तीन सीझनमध्ये मिळून ४० पॉइंट लागतात, ते बहुतेक वेळा छोट्या फॉर्म्युल्यांत टायटल किंवा वरचे नंबर काढून मिळतात. वयाचा नियम आला तो वर्स्टापेन सतराव्या वर्षी गाडीत बसला म्हणून. याचा अर्थ सात-आठ वर्षांपासून कार्टिंग, मग फॉर्म्युला वनच्या खालच्या पायऱ्या, एफ फोर, एफ थ्री, एफ टू, दर वर्षी कोटींचा खर्च, आणि मधे एक वर्ष वाया गेलं तर खेळ खलास. मुंबईचा जेहान दारूवाला २०२० ला साखीरला एफ टू रेस जिंकणारा पहिला भारतीय झाला, पुढे पण जिंकला, तरी फॉर्म्युला वनची सीट नाही मिळाली. एवढ्या अरुंद नळीतून जो बाहेर येतो तो शिस्तीचा असणारच, बाकीचे वाटेतच गळतात. मी ज्या वडिलांना रोज भेटतो ते पोराला दहाव्या वर्षीच मुलाखत कशी द्यायची ते शिकवत असतात.

हंटला यात बसवून बघा. पहिली रेसिंग मिनी त्याने स्वतः जोडली होती, ड्रायव्हर सीटच्या जागी बागेतली खुर्ची ठोकून, तपासणीत बाद झाली. फॉर्म्युला थ्रीमध्ये इतक्या गाड्या फोडल्या की लोक त्याला 'हंट द शंट' म्हणायचे, शंट म्हणजे टक्कर. १९७० ला क्रिस्टल पॅलेसला टक्कर झाल्यावर डेव्ह मॉर्गनकडे चालत जाऊन त्याला आडवा पाडला, तेही टीव्हीवर. ४० पॉइंट सोडा, या रेकॉर्डवर त्याला आज कोणी एफ थ्रीची दुसरी सीट दिली नसती. एका लॉर्डला वाटलं म्हणून तो वर आला. आणि किमी, ज्याने २००७ मध्ये फिनलंडमध्ये स्नोमोबाइलच्या रेसला 'जेम्स हंट' हेच नाव लावून एंट्री टाकली आणि जिंकली, तो २००१ ला फॉर्म्युला वनमध्ये आला तेव्हा त्याच्या नावावर गाडीच्या फक्त २३ रेस होत्या, लायसन्स पण आधी तात्पुरतं दिलं होतं. आजच्या नियमात तो पण गेटवरूनच परत गेला असता. तेव्हा पुढच्या वेळी आजच्या वीस-बावीस जणांकडे बघून रंग कुठं गेला असं वाटलं तर एफ फोरच्या यादीत दोन वर्षांपूर्वी कोण होतं आणि आता कोण नाही ते बघा. मला त्यातली काही पोरं माहीत आहेत, एक जण आता पुण्यात बाइकचं गॅरेज चालवतो आणि त्याच्या ब्रेकच्या रेषेइतकी सुंदर रेष मी नंतर बघितली नाही.